बोजोले: कोणती घ्यावी, किती थंड करावी आणि कशाबरोबर प्यावी

रेड वाईन जड असते, तुरट असते आणि ती फ्रीजमध्ये ठेवायची नसते, असं ज्यांच्या मनात पक्कं बसलंय त्यांनी बोजोलेपासून सुरुवात करावी. ही रेड वाईन हलकी आहे, तिच्यात टॅनिन (सालीतून आणि बियांतून येणारा तुरट घटक) कमी आणि आंबटपणा टवटवीत असतो, आणि थोडी थंड केल्याशिवाय तिची खरी चव लागतच नाही. जेवणाबरोबर प्यायची रेड वाईन हवी असेल तर इतक्या वेगवेगळ्या पदार्थांशी जुळणारी दुसरी फ्रेंच वाईन सापडणं कठीण. तरीही लोक ती चुकीच्या तापमानाला पितात, चुकीच्या पदार्थाबरोबर पितात आणि 'पातळ आहे' म्हणून बाजूला ठेवतात. हे टाळण्यासाठी लागणारी माहिती खाली क्रमाने दिली आहे.

द्राक्ष, जमीन आणि टाकी

बोजोले हा पूर्व फ्रान्समधला साधारण ५५ किलोमीटर लांबीचा डोंगराळ पट्टा आहे. दक्षिणेला लियों, उत्तरेला माकों आणि पूर्वेला सोन नदीचं खोरं. रेड वाईनसाठी इथे एकच द्राक्ष चालतं, गामे. पिनो न्वार आणि गुए ब्लां या दोन जातींच्या संकरातून ते जन्मलं. त्याची साल काळी असली तरी गर पांढरा असतो, आणि वेल लवकर आणि भरपूर फळतो. बोजोलेच्या उत्तरेकडच्या बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ मध्ये फर्मान काढून आपल्या प्रदेशातून हे द्राक्ष उपटून टाकायला लावलं. पिनोच्या तुलनेत त्याची वाईन त्याला हलक्या दर्जाची वाटत होती. बर्गंडीच्या चुनखडीच्या जमिनीत गामे खरोखरच भरमसाट फळं देतो आणि चव पातळ होते. त्याच्या दक्षिणेला, ग्रॅनाइटच्या हलक्या आणि निकस जमिनीत मात्र वेलाला जपून वाढावं लागतं आणि तिथे गामेला खोली येते. बोजोलेच्या आत उत्तर-दक्षिण असा जो फरक आहे त्याचं मूळ इथेच आहे. उत्तरेला ग्रॅनाइट आणि जुने अग्निजन्य खडक, तर दक्षिणेला चिकणमाती आणि सोनेरी छटेची चुनखडी. भारदस्त वाईन उत्तरेच्या, साध्या बाटल्या बहुतांशी दक्षिणेच्या.

चवीचं अर्धं गुपित टाकीत आहे. बहुतेक ठिकाणी रेड वाईनसाठी द्राक्षं देठांवरून सोडवून चिरडतात आणि मग आंबवतात. बोजोलेच्या पारंपरिक पद्धतीत हाताने तोडलेले अख्खे घड तसेच टाकीत रचतात. तळाची द्राक्षं वरच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकी भरून टाकतो. वरच्या अख्ख्या द्राक्षांना ऑक्सिजन मिळत नाही. मग सालीच्या आतच, यीस्टशिवाय, फळातली एन्झाइम्स साखरेचं अल्कोहोल करू लागतात. हे साधारण दोन टक्क्यांपर्यंत चालतं, नंतर दाणे आपोआप फुटतात. याच काळात फळातलं मॅलिक आम्ल बरंच कमी होतं, सालीचा रंग गरात उतरतो, पण सालीतलं आणि बियांतलं टॅनिन फारसं बाहेर येत नाही. म्हणून रंग चांगला आणि तोंडाला तुरटपणा कमी, असं दुर्मीळ जुळून येतं. पुढे घड दाबले की अर्धवट आंबलेला गोड रस निघतो. त्याला तिथले लोक 'पारादी' म्हणतात आणि हंगामात कारखान्यातच पेला भरून पितात.

घड टाकीत किती दिवस ठेवले यावर पुढचं सगळं ठरतं. चार-पाच दिवस ठेवले तर हलकी, फळांच्या वासाची, लगेच प्यायची वाईन होते. आठवड्याभरात मध्यम अंगाची. दहा ते वीस दिवस ठेवून वर जाळी बसवून साली रसात बुडवून ठेवल्या तर टॅनिन उतरतं आणि वाईन काही वर्षं टिकते. ज्या बाटलीतून पिकलेल्या केळ्याचा किंवा बबलगमचा वास भसकन येतो ती पहिल्या प्रकारातली समजावी. तो वास आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या एस्टरचा, म्हणजे आंबताना तयार होणाऱ्या सुगंधी रसायनाचा असतो. विशिष्ट यीस्ट आणि घाईचं किण्वन यांमुळे तो वाढतो. गामेचा स्वतःचा वास वेगळा आहे: चेरी, रासबेरी, व्हायोलेटची फुलं आणि मागे किंचित मिरी.

बारा नावं आणि त्यांतून निवड

सर्वांत खाली साधी 'बोजोले', तिच्यावर 'बोजोले-व्हिलाज' आणि सर्वांत वर दहा 'क्रू'. क्रू म्हणजे स्वतःच्या नावाने वाईन विकायचा हक्क मिळालेले दहा भाग. त्यांच्या लेबलवर बऱ्याचदा बोजोले हा शब्दच नसतो, नुसतं क्रूचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. दुकानात ही बाटली समोर असूनही ओळखू येत नाही ती यामुळे. उत्तरेकडून दक्षिणेकडे नावं अशी: सँतामूर, ज्युलिएनास, शेनास, मुलाँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरुब्ल, मोर्गों, रेनिए, ब्रुई आणि कोत द ब्रुई. शेवटचा समावेश रेनिएचा, १९८८ मध्ये.

दहाही पाठ करायची गरज नाही. चार नीट ओळखली तरी बाकीचं जमत जातं.

फ्लरी गुलाबी ग्रॅनाइटवर पिकते. वास फुलांचा, पोत रेशमी, तुरटपणा नावापुरता. पहिली क्रू बाटली घ्यायची असेल तर आमचं मत फ्लरीच्या बाजूने. चांगली बाटली तीन ते सहा वर्षांत प्यावी.

ब्रुई हा आकाराने सर्वांत मोठा क्रू, त्यामुळे सहज मिळणारा आणि किमतीला परवडणारा. लाल बोरवर्गीय फळांची सरळ, रसरशीत चव. याच्या मधोमध ४८४ मीटर उंचीचा ब्रुई डोंगर आहे आणि त्याच्या उतारांवरची वाईन 'कोत द ब्रुई' या वेगळ्या नावाने विकतात. तिथला निळसर कठीण खडक वाईनला जास्त ताठपणा देतो. नावं सारखी असली तरी दोन्ही एकच समजू नयेत. जेवणात मांस असेल तर कोत द ब्रुई घ्यावी.

मोर्गोंचं सर्वांत नावाजलेलं ठिकाण म्हणजे कोत द्यु पी ही टेकडी. इथली वाईन तरुणपणी चेरी आणि काळ्या फळांची, थोडी बंद. पाच-सहा वर्षांनी ती पिनो न्वारच्या दिशेने सरकते: पिकलेली चेरी, ओली माती, जर्दाळूची बी. मार्सेल लापिएर आणि झाँ फोइयार यांच्यासारख्या उत्पादकांनी १९८० च्या दशकात याच गावात, रसायनशास्त्रज्ञ झ्युल शोव्हे यांच्या कामावरून धडा घेऊन, वाईन टिकवण्यासाठी घातलं जाणारं गंधक कमीत कमी वापरून वाईन बनवायला घेतली. आज 'नैसर्गिक वाईन' म्हणून जे जगभर चालतं त्याची एक मोठी मुळी इथे आहे.

मुलाँ-आ-व्हाँ सगळ्यांत भारदस्त. तिथल्या ग्रॅनाइटच्या मातीत मँगनीज आहे आणि वेल कमी फळं देतात. टॅनिन या पट्ट्यात सर्वाधिक, काही उत्पादक ओकच्या पिंपातही मुरवतात. चांगल्या वर्षाची बाटली दहा वर्षं आणि त्याहून जास्त टिकते. घरी नेऊन लगेच उघडली तर निराशा होण्याची शक्यता याच क्रूत सर्वांत जास्त.

उरलेल्यांपैकी शिरुब्ल सर्वांत उंचावरचा आणि सर्वांत हलका, ज्युलिएनास मसालेदार आणि रांगडा, शेनास सर्वांत लहान.

आता नूव्हो. त्याच वर्षीच्या द्राक्षांची ही वाईन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी मध्यरात्रीनंतर विक्रीला येते. लवकर विकायची मोकळीक १९५१ मध्ये मिळाली आणि तिसरा गुरुवार १९८५ पासून ठरला. ती बोजोले आणि बोजोले-व्हिलाज या दोन नावांखालीच बनवता येते, क्रूंना परवानगी नाही. हा कापणीचा सण आहे आणि सण म्हणून छानच आहे. पण एक नूव्हो पिऊन बोजोलेबद्दल मत बनवणं हा तिथल्या मोर्गोंवर आणि फ्लरीवर अन्याय आहे. नूव्हो पुढच्या उन्हाळ्याच्या आत संपवावी. एप्रिल-मेमध्ये भारतातल्या दुकानात मागच्या किंवा त्याच्याही मागच्या वर्षाची नूव्हो सवलतीत दिसली तर घेऊ नये.

बाटली निवडताना

लेबलवर आधी नाव बघा, मग साल. २०१५, २०१८, २०२० आणि २०२२ ही गरम वर्षं. त्यांतल्या वाईन भरलेल्या, पिकलेल्या फळांच्या, काही बाटल्यांत अल्कोहोल १४ टक्क्यांवर गेलेलं. २०२१ थंड आणि कटकटीचं होतं: वसंतात हिमकडाका, नंतर बुरशी. त्या वर्षीच्या वाईन हलक्या आणि आंबटसर आहेत, पण चांगल्या उत्पादकाची २०२१ जेवणाबरोबर २०२० पेक्षा सरस ठरते. तिखट किंवा हलकं जेवण असेल तर मागच्या लेबलवर अल्कोहोल १३ टक्के किंवा कमी असलेली बाटली उचला.

'मी आं बुतेय ओ दोमेन' असं छापलेलं असेल तर वाईन ज्याची बाग त्यानेच भरली आहे. मोठे व्यापारी ठिकठिकाणची वाईन विकत घेऊन स्वतःच्या नावाने भरतात. त्यांतही चांगल्या असतात, पण क्रूच्या पातळीवर बागायतदाराची बाटली शक्यतो पसंत करावी.

यानंतरची तपासणी भारतात विकत घेताना फार महत्त्वाची आहे. गोदामात किंवा ट्रकमध्ये तापलेली वाईन ओळखायला हे पाहा:

- बुचाचा वरचा भाग बाटलीच्या तोंडापेक्षा वर आलेला आहे का? वरचं वेष्टण बोटाने दाबून कळतं.
- वेष्टणाखालून चिकट ओघळ आले आहेत का?
- बाटली उभी धरल्यावर वाईनची पातळी मानेच्या खाली, खांद्यापर्यंत उतरली आहे का?
- बाटल्या काचेच्या शो-विंडोत, उन्हात किंवा दिव्याखाली उभ्या आहेत का?

यांतलं एकही दिसलं तर ती बाटली सोडून द्यावी. गामेच्या नाजूक वासाला उष्णता फार लवकर मारते. उघडल्यावर ताज्या चेरीऐवजी शिजलेल्या जॅमचा वास आणि कडेला तपकिरी झाक दिसणं ही त्याचीच खूण.

तापमान: सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

'रेड वाईन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला जुन्या युरोपीय घरांचा आहे, जिथे खोली १६-१८ अंशांवर असायची. मुंबईत किंवा नागपुरात खोली ३० अंशांची असते. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात जातं, फळाचा वास सपाट होतो आणि वाईन ढिली लागते.

नूव्हो आणि साधी बोजोले ११-१२ अंश, व्हिलाज, शिरुब्ल आणि ब्रुई १२-१३, फ्लरी १३-१४, मोर्गों आणि मुलाँ-आ-व्हाँ १४-१६ अंश सेल्सियस. याच्या खालीही जाऊ नये. ८-९ अंशांना गामेचा वास बंद होतो आणि जे थोडं टॅनिन आहे तेही टोचायला लागतं. मोर्गों फार थंड झाली की कडवट लागते ती यामुळे.

घरी असं करा. ३० अंशांची बाटली फ्रीजमध्ये ठेवल्यावर १३ च्या आसपास यायला अडीच-तीन तास लागतात. अर्ध्या तासात काहीच होत नाही. वेळ नसेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा, दहा ते पंधरा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घालू नका. खड्यांमधल्या हवेतून उष्णता हळू जाते, पाणी मात्र काचेला सगळीकडून चिकटतं. बाटली रात्रभर फ्रीजमध्येच होती तर अर्धा ते पाऊण तास आधी बाहेर काढा. फ्रीझरमध्ये बाटली विसरली तर बूच वर सरकतं, म्हणून तो मार्ग नकोच. स्वयंपाकातला सुईचा थर्मामीटर असेल तर पहिल्या पेल्यात बुडवून बघा. दोन-तीन वेळा मोजलं की हाताला अंदाज येतो.

पेल्यातली वाईन आपल्या हवेत पटकन गरम होते. म्हणून हव्या त्या तापमानापेक्षा दोन अंश कमी असतानाच ओतावी, एका वेळी १०० मिलिलिटरच ओतावी आणि बाटली गार पाण्यात परत ठेवावी.

उघडणं, ओतणं, चाखणं

पेला ट्युलिपच्या आकाराचा, वर थोडा निमुळता. मोर्गों आणि मुलाँ-आ-व्हाँसाठी पोट रुंद असलेला. एक तृतीयांशच भरा. लियोंच्या खानावळींत मात्र हा सगळा सोपस्कार नसतो. तिथे ४६ सेंटिलिटरची, जाड बुडाची 'पो' नावाची बाटली टेबलावर येते आणि साध्या छोट्या पेल्यांत वाईन ओतली जाते. व्हिलाजसाठी तेच योग्य आहे.

नूव्हो, व्हिलाज आणि ब्रुई उघडून लगेच प्याव्यात, जगमध्ये ओतून ठेवल्या तर सुगंधच उडतो. तीन वर्षांच्या आतली मोर्गों किंवा मुलाँ-आ-व्हाँ रुंद तोंडाच्या जगमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. दहा वर्षांची जुनी असेल तर आदल्या दिवशी बाटली उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि शेवटचे दोन सेंटिमीटर ओतू नका.

उघडल्यावर भेटणारे दोष आणि त्यांचे अर्थ:

- ओल्या पुठ्ठ्याचा वास, फळ गायब: बूच खराब. उपाय नाही, दुकानात परत करावी.
- काडेपेटी ओढल्यासारखा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास: हवा न मिळाल्याने. जगमध्ये जोरात ओता, पंधरा मिनिटांत बहुधा जातो.
- जिभेवर हलके बुडबुडे: गंधक कमी वापरणारे उत्पादक थोडा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम ठेवतात. जग हलवला की निघून जातो.
- तबेल्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास: ब्रेटानोमायसीस यीस्ट. अगदी थोडा असेल तर काहींना चालतो, फळ झाकलं गेलं तर दोषच.
- वास ठीक, पण गिळल्यावर काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव: गंधक न घातलेल्या वाईनमध्ये हे होतं. वाईनच्या आंबटपणात हा वास उडत नाही, लाळेत मिसळल्यावरच उघडतो, म्हणून नाकाने आधी कळत नाही. हवा दिल्याने सुधारत नाही, उलट वाढतो.

जेवणाशी जोड कशावर ठरते

पाच गोष्टी लक्षात ठेवल्या की पदार्थ कुठल्याही देशाचा असो, अंदाज चुकत नाही.

मीठ बोजोलेच्या बाजूने काम करतं. खारवलेलं मांस, चीज, भाजलेले शेंगदाणे यांनी फळाची चव पुढे येते. स्निग्धताही तशीच. लोणी, साय, डुकराची चरबी आंबटपणामुळे धुतली जाते आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. पदार्थातला आंबटपणा वाईनपेक्षा जास्त झाला तर वाईन पाणचट लागते. पदार्थातली साखर वाईनला आंबट आणि रोड करते. आणि तिखट: मिरचीची आग अल्कोहोलने आणि टॅनिनने भडकते. दोन्ही कमी असल्याने आणि थंड असल्याने बोजोले इतर रेड वाईनपेक्षा जास्त तिखट सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे.

माशाचं थोडं वेगळं आहे. रेड वाईनमधल्या लोहामुळे तेलकट माशातली चरबी बिघडल्यासारखा खवट वास तोंडात उठतो. बांगडा, तारली, पेडवे यांच्याबरोबर कुठलीही रेड वाईन नको. 

लियोंचं टेबल

या वाईनचं घर लियोंची खानावळ, म्हणजे 'बुशों'. रेशीम विणकरांच्या काळापासून तिथे सकाळी 'माशों' नावाचा भरभक्कम नाश्ता चालत आला आहे: सॉसेज, कोल्ड कट्स, आतड्या-पोटाचे पदार्थ आणि सोबत बोजोले.

'रोझेत' नावाचं सुकवलेलं सॉसेज, पाव आणि लोणी यांच्याबरोबर व्हिलाज. उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढलेलं पिस्त्याचं गरम सॉसेज आणि ब्रुई, ही जोड तर डोळे झाकून घ्यावी. आँदुयेत हे आतड्यांचं मोहरीच्या सॉसमधलं सॉसेज वासाला उग्र असतं, त्याला व्हिलाजची किंवा रेनिएची साधी ताजी चव पुरते. सालाद लियोनेझमध्ये कडवट पालेभाजी, तळलेले बेकनचे तुकडे आणि पोच केलेलं अंडं असतं. व्हिनेगर नेहमीच्या निम्म्याने घातलं तरच वाईन टिकते, अंड्याचा बलक बाकीचं सांभाळतो.

सायीतली ब्रेसची कोंबडी, सोबत मोरेल मश्रूम: फ्लरी किंवा जुनी शेनास. शारोलेचं गोमांस, भाजलेलं किंवा वाईनमध्ये शिजवलेलं: मुलाँ-आ-व्हाँ, पाच वर्षांपुढची. कच्चं ताजं चीज, लसूण, कांद्याची पात आणि तेल घालून फेटलेलं 'सेर्व्हेल द कान्यू' पावावर लावून खातात, त्याला थंडगार व्हिलाज. चीजमध्ये सँ-मार्सलाँ आणि बकरीच्या दुधाची चीज उत्तम. निळ्या बुरशीची चीज आणि फार पिकलेलं कामांबेर टाळा, वाईन कडू लागते.

कोको-व्हाँ, ज्युलिएनास घालून

बर्गंडीच्या वाईनचा कोको-व्हाँ जास्त प्रसिद्ध असला तरी ज्युलिएनासमध्ये शिजवलेला कोंबडा या पट्ट्याचा मानाचा पदार्थ आहे. मूळ पदार्थ म्हाताऱ्या कोंबड्याचा, त्यामुळे आपला गावठी कोंबडा ब्रॉयलरपेक्षा इथे योग्य.

चार-पाच जणांसाठी: दीड किलो कोंबडा आठ तुकडे करून, ज्युलिएनास किंवा व्हिलाजची एक बाटली (७५० मिलिलिटर), बेकन १५० ग्रॅम, छोटे कांदे १५, गाजर १, लसूण ३ पाकळ्या, बटण मश्रूम २५० ग्रॅम, मैदा २ मोठे चमचे, लोणी ५० ग्रॅम, कोंबडीचं पाणी २५० मिलिलिटर, थाइमच्या दोन काड्या, तमालपत्र १.

१. तुकडे, गाजर, लसूण, थाइम आणि तमालपत्र वाईनमध्ये घालून फ्रीजमध्ये ८ ते १२ तास ठेवा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं. ॲल्युमिनियमला वाईनचं आम्ल लागून रंग काळवंडतो आणि धातूची चव येते.

२. तुकडे काढून कागदाने पूर्ण कोरडे करा. ओले तुकडे तव्यावर भाजले जात नाहीत, वाफवले जातात, आणि मग रस्सा फिका राहतो. वाईन गाळून वेगळी उकळा. वर राखाडी फेस येईल तो काढून टाका. तो तसाच राहिला तर रस्सा गढूळ होतो.

३. जाड बुडाच्या भांड्यात बेकन परतून बाजूला काढा. त्याच चरबीत अर्धं लोणी घालून तुकडे दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं तांबूस करा. गर्दी करू नका, दोन घाण्यांत करा. मैदा भुरभुरून दोन मिनिटं परता.

४. वाईन ओता आणि झाकण न ठेवता एक तृतीयांश आटेपर्यंत उकळा. इथे घाई केली तर अल्कोहोल आणि कच्चा आंबटपणा शेवटपर्यंत राहतो, आणि नंतर साखर घालूनही तो झाकत नाही. मग कोंबडीचं पाणी घाला.

५. मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून शिजवा: ब्रॉयलर ४५ ते ६० मिनिटं, गावठी कोंबडा दोन ते अडीच तास. रस्सा खळखळ उकळता कामा नये, मांस दोरीसारखं होतं. प्रेशर कुकर वापरायचा असेल तर वाईन आधी आटवूनच बंद करा.

६. कांदे आणि मश्रूम उरलेल्या लोण्यात वेगळे तांबूस करून शेवटच्या पंधरा मिनिटांत बेकनसकट घाला. रस्सा पातळ वाटला तर तुकडे बाहेर काढून नुसता रस्सा आटवा. मीठ शेवटी, कारण बेकन खारट असतं.

टेबलावर शिजवलेल्यापेक्षा वरच्या दर्जाची ज्युलिएनास किंवा मोर्गों, १५ अंशांना.

मराठी आणि गोव्याच्या ताटाशी

इथे 'भारतीय जेवण आणि वाईन' असं सरसकट बोलण्यात अर्थ नाही. एकेका पदार्थात तिखट, गूळ, चिंच-कोकम आणि चरबी किती आहे ते बघायला हवं.

कोल्हापुरी पांढरा रस्सा बोजोलेला चांगला मानवतो. नारळाचं दूध, काजू-खसखस, खडे मसाले, तिखट बेताचं: फ्लरी १३ अंशांना. तांबड्या रश्श्याच्या वाटेला जाऊ नका, तिथे चांगल्या वाईनचे पैसे वाया जातात. सुकं मटण किंवा भाजलेल्या खोबऱ्यातलं कोंबडीचं सुकं, मिरची निम्मी ठेवून केलं तर ब्रुई किंवा कोत द ब्रुई. खोबरं भाजल्याने येणारा खमंगपणा गामेच्या मिरीच्या छटेशी जुळतो. भरली वांगी शेंगदाण्याच्या कुटाची असतील आणि गूळ वगळला असेल तर व्हिलाज. गूळ घातला की वाईन रोडावते. अळूवडीत चिंच आणि गूळ दोन्ही असल्याने ती सोडून द्यावी. लोण्याचा गोळा ठेवलेलं खमंग थालीपीठ आणि थंड व्हिलाज मात्र जरूर करून बघा. सोलकढी जेवण झाल्यावर घ्यावी, वाईनच्या घोटाघोटाला नको.

गोव्याच्या चोरिसात डुकराची चरबी वाईनच्या बाजूने आणि व्हिनेगर-मिरची विरुद्ध. भरपूर कांदा-बटाटा घालून परतलं आणि पावाबरोबर खाल्लं तर १२ अंशांची व्हिलाज टिकते. १४ टक्क्यांची गरम वर्षातली मोर्गों इथे आग ओतते.

पाहुण्यांसाठी दोन बाटल्या काढायच्या असतील तर हलकी आधी: शिरुब्ल किंवा ब्रुई, मग मोर्गों. एका बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा पेले होतात.

उरलेली बाटली

बूच परत बसवून बाटली उभी, फ्रीजमध्येच ठेवा. आडवी ठेवली तर हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. नूव्हो आणि व्हिलाज दोन दिवस, क्रू तीन-चार दिवस चांगल्या राहतात, तरुण मोर्गों तर दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा जास्त मोकळी लागते. अर्ध्याहून कमी उरली असेल तर छोट्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण लावा, त्याचा उपयोग हवा खेचणाऱ्या पंपापेक्षा जास्त होतो. चौथ्या दिवसानंतर २०० मिलिलिटर वाईन, बारीक चिरलेला कांदा आणि थाइमची काडी निम्म्यावर आटवा, गार लोण्याचे दोन तुकडे त्यात फेटा आणि पोच केलेल्या अंड्यांवर ओता.